लीबिगची खतावणी

उरुग्वे नदीच्या डाव्या काठावर, पलीकडचा अर्जेंटिना नुसत्या डोळ्यांनी दिसतो अशा जागी, फ्राय बेंटोस नावाचे गाव आहे. गावाच्या कडेला एक बंद पडलेला कारखाना आहे. विटांच्या भिंती, उंच धुरांडे, जुनी यंत्रे, गुरे हाकत आणण्याच्या वाटा आणि मोठी जहाजे लागतील असा धक्का. २०१५ साली युनेस्कोने या साऱ्या परिसराला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. अजिंठा-वेरूळ ज्या यादीत आहेत, त्याच यादीत आता एक कत्तलखानाही आहे. या कारखान्याबद्दल तिकडे एक वचन प्रसिद्ध आहे : इथे गुराचे हंबरणे तेवढे वाया जाते, बाकी सगळे उपयोगात येते.

काटकसरीची ही बढाई मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती पटलीही होती. कातडे, चरबी, हाडे, शिंगे, रक्त, काहीच फेकायचे नाही. निसर्गाला धरून चालणे म्हणतात ते आणखी काय असते? पुढे वाचत गेलो तसे लक्षात आले की या हिशेबात एक रकाना मुळातच नाही. गूर ज्या गवतावर वाढले, त्या गवताने मातीतून जे उचलले होते ते डब्यांत, पोत्यांत आणि पिंपांत भरून दुसऱ्या खंडात गेले. ते परत कधी आले? गंमत अशी की हा प्रश्न विचारायला ज्या शास्त्रज्ञाने जगाला शिकवले, त्याचेच नाव या कारखान्यातून निघणाऱ्या अर्काच्या बरण्यांवर छापलेले होते.

मांसाहाराचा पर्यावरणावर काय परिणाम होतो हा विषय आपल्याकडे निघाला की चर्चा फार लवकर सोवळ्या-ओवळ्याकडे वळते. मी स्वतः मांसाहारी आहे आणि कुणाच्या ताटात डोकावण्याची मला हौस नाही. मला पाहायचा आहे तो ताटामागचा जमाखर्च, आणि गेल्या दीडशे वर्षांत तो कसा बिघडत गेला त्याचा इतिहास.

*

युस्टुस फॉन लीबिग (१८०३-१८७३) हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ. आपल्याकडे शेतकी शिकलेल्या माणसाला त्याचे नाव 'किमान घटकाच्या नियमा'मुळे ठाऊक असते. पिकाची वाढ कोणता घटक भरपूर आहे यावर ठरत नाही. जो सर्वांत कमी पडतो त्याच्यावर ठरते. (खरे तर हा नियम कार्ल श्प्रेंगेलने आधी मांडला होता. लीबिगने तो गाजवला, आणि श्रेय गाजवणाऱ्याला गेले.) आज खताच्या गोणीवर १०:२६:२६ असे जे आकडे असतात, त्यांच्यामागचा विचार लीबिगच्या १८४० सालच्या ग्रंथापासून जगभर पसरला. नत्राबाबत त्याचे बरेच चुकले. पण वनस्पती मातीतून खनिजे उचलते आणि ती परत दिली नाहीत तर माती रिकामी होते, हे त्याने इतक्या ठासून सांगितले की पुढे त्याकडे दुर्लक्ष करणे कुणाला जमले नाही.

उतारवयात तो आणखी कडवा झाला. १८६२ साली आपल्या ग्रंथाच्या सातव्या आवृत्तीत त्याने युरोपातल्या, विशेषतः इंग्लंडातल्या, शेतीला 'लुटीची शेती' म्हटले. धान्य आणि मांस शहरात जाते, शहराचा मैला नदीवाटे समुद्रात जातो, शेताला काही परत येत नाही. इंग्लंडवर तर त्याचा आरोप होता की लाइपझिग, वॉटर्लू आणि क्रिमिया इथल्या रणांगणांतली हाडे उकरून हा देश आपल्या शेतात घालतो. याउलट मैला शेतात परत नेणाऱ्या चीन-जपानच्या शेतकऱ्याचे त्याला मोठे कौतुक. लंडनमध्ये नव्या गटारांचे प्रचंड बांधकाम चालू होते तेव्हा हे मैलापाणी समुद्रात न घालवता शेतीला द्यावे, असा आग्रह धरणारी त्याची पत्रे प्रसिद्ध झाली. साल होते १८६५.

आपल्याकडे हा जमाखर्च रसायनशास्त्राची वाट न पाहता चालत आला आहे. दिवाळी सरली की देशावरच्या धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात. कापणी झालेल्या भातखाचरांत रात्री मेंढ्या बसवायच्या आणि त्याबद्दल शेतकऱ्याकडून भात किंवा पैसे घ्यायचे, असा हा व्यवहार. मेंढी दिवसा माळावर, रानात चरते आणि रात्री शेतात बसते. म्हणजे माळावरचे स्फुरद तिच्या पोटातून चालत शेतात येते. मेंढरू पुढे विकले जाते, कापले जाते, खाल्ले जाते, पण त्याच्या आयुष्यभराच्या लेंड्या त्याच मुलखात राहतात. माळाला मात्र कुणी काही देत नाही, हेही सांगितले पाहिजे. माणसे कमी आणि माळ अफाट होता तोवर ही उसनवारी खपून गेली.

आता त्याच १८६५ सालातली दुसरी घटना. लंडनमध्ये 'लीबिग्ज एक्स्ट्रॅक्ट ऑफ मीट कंपनी' या नावाची कंपनी नोंदवली गेली.

*

मांसाचा अर्क ही लीबिगची जुनी कल्पना. १८४७ साली अन्नाच्या रसायनशास्त्रावर लिहिताना त्याने ती मांडली होती. मांस बारीक करून पाण्यात शिजवायचे, चरबी काढून टाकायची आणि रस आटवत आटवत काळपट, चिकट लगद्यापर्यंत आणायचा. सुमारे ३० किलो मांसातून १ किलो अर्क निघे. युरोपातल्या मांसाच्या भावाने हा पदार्थ औषधाच्या दुकानापलीकडे जाणे शक्य नव्हते. जिथे मांसाला किंमतच नाही असा देश हवा होता.

असा देश होता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला हेर्नांदारियास या स्पॅनिश अंमलदाराने उरुग्वे नदीच्या पूर्वेला काही गुरे सोडली. तिथल्या अथांग कुरणांत त्यांना रोखणारे कुणी नव्हते. शे-दीडशे वर्षांत ती रानटी होऊन लाखांनी वाढली. माणसे त्यांच्यामागे घोड्यावरून जात, पाडत, कातडे सोलून घेत आणि धड तिथेच टाकून देत. पुढे मांस खारवून वाळवण्याचे कारखाने निघाले. त्यांना सालादेरो म्हणत. त्या वाळक्या मांसाचे मोठे गिऱ्हाईक कोण? ब्राझील आणि क्यूबातल्या मळ्यांचे मालक, आपल्या गुलामांना खाऊ घालण्यासाठी.

या गुरांनी तो मुलूख किती बदलला होता याची साक्ष चार्ल्स डार्विनने दिली आहे. १८३०च्या दशकात बीगल जहाजाच्या सफरीत तो इथे घोड्यावरून हिंडला. युरोपातून आलेल्या एका काटेरी झुडपाने शेकडो चौरस मैल असे व्यापलेले त्याला दिसले की आत माणूस शिरू शकत नव्हता, जनावर शिरू शकत नव्हते. १५३५ साली पहिले वसाहतवाले ७२ घोडे घेऊन उतरले, तेव्हापासून या देशाइतके मोठे बदल फार थोड्या देशांनी पाहिले असतील, असे त्याचे मत होते. त्याच्या येण्याआधी काही वर्षे तिथे भीषण अवर्षण पडले होते. तहानेने वेडी झालेली हजारो गुरे पाराना नदीत घुसली आणि अंगात त्राण न उरल्याने चिखलाचा काठ चढू न शकून बुडाली, ही हकिगतही त्याने नोंदवून ठेवली आहे.

सालादेरोंची घाण नदीत जाई. ब्यूनोस आयरेसच्या दक्षिणेचा रिआच्युएलो हा प्रवाह रक्ताने आणि आतड्यांनी भरून वाहत असे. १८७१ साली शहरात पीतज्वराची साथ आली, हजारो माणसे मेली, आणि लोकांच्या संतापापुढे सरकारने सालादेरो शहराबाहेर घालवले. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. चुकीच्या कारणासाठी झालेला हा एक योग्य निर्णय. रिआच्युएलो मात्र आजही दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत घाणेरड्या प्रवाहांत मोडतो. सालादेरोंच्या मागून आलेल्या उद्योगांनी ती परंपरा चालवली.

तर या मुलखात काम केलेला गेओर्ग गीबर्ट नावाचा एक जर्मन अभियंता लीबिगचे लेखन वाचून त्याला म्यूनिकमध्ये जाऊन भेटला. इथे कातड्यासाठी गुरे मारतात आणि मांस सडते. त्या मांसाचा अर्क काढू, असा त्याचा प्रस्ताव होता. लीबिगने मान्य केले. नाव त्याचे, मालाचे नमुने तपासायचे त्याने, आणि त्याबद्दल मोबदला मिळायचा.

फ्राय बेंटोसचा कारखाना जोरात चालला. अर्काच्या बरण्या इस्पितळांत, लष्करात, मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरांत गेल्या. त्यात प्रथिन जवळपास नाही, म्हणजे तो चविष्ट असला तरी पोषक म्हणता येत नाही, अशी टीका शरीरशास्त्रज्ञांनी लवकरच सुरू केली आणि लीबिगला आपल्या अर्काचा बचाव करत बसावे लागले. त्या वादात आज काही राम नाही. मला महत्त्वाचे वाटते ते कारखान्याच्या मागच्या दाराने बाहेर पडणारे. अर्क काढून उरलेल्या मांसाचा चोथा वाळवून त्याची भुकटी जर्मनीत डुकरांना घालत. मांस-हाडांच्या अवशेषांचे खत 'फ्राय बेंटोस ग्वानो' या नावाने जर्मन शेतकऱ्यांना विकत. म्हणजे वॉटर्लूची हाडे इंग्लंड नेते म्हणून ज्याने आकांत केला, त्याच्या नावाची कंपनी उरुग्वेच्या माळावरची हाडे दळून जर्मनीच्या शेतात पोचवत होती.

लीबिगला ढोंगी म्हणण्याचा मोह होतो. मला ते पुरते न्याय्य वाटत नाही. जे मांस एरवी कुजणार होते ते वापरात आणणे हा त्याच्या दृष्टीने दोष नसून दुरुस्ती होती. त्याची चूक वेगळी होती. युरोपची माती त्याला मोजून मापून दिसत होती, आणि दूरची माती अमर्याद वाटत होती. पुढच्या दीडशे वर्षांत मांसाच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हीच चूक केली.

*

१८७३च्या सुमारास इथे खारवलेल्या गोमांसाचे डबे भरणे सुरू झाले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकाच्या तोंडी फ्राय बेंटोस हे नाव इतके बसले होते की १९१७ साली बेल्जियमच्या चिखलात तीन दिवस अडकून पडलेल्या एका रणगाड्याचेही ते नाव होते. आत बसलेली माणसे म्हणजे डब्यातले मांस, हा त्यातला विनोद. १९२४ मध्ये कारखाना नव्या ब्रिटिश मालकांकडे गेला, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा भरभराटीला आला आणि १९७९ साली कायमचा बंद पडला. आज त्याच गावाजवळ कागदाच्या लगद्याचा मोठा कारखाना आहे आणि भोवतालच्या माळावर त्याच्यासाठी लावलेली निलगिरी. त्यावरून उरुग्वे आणि अर्जेंटिना यांचे भांडण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेले, पण ती निराळी कथा.

अर्काचा आणि डब्याचा जमाना ज्याने मागे टाकला तो बर्फ. १८७६ साली 'फ्रिगोरिफीक' नावाचे फ्रेंच जहाज थंड कोठारात मांस ठेवून रुआँहून ब्यूनोस आयरेसला पोचले. पुढल्या २५-३० वर्षांत अर्जेंटिनाचे गोठवलेले आणि थंड केलेले मांस लंडनच्या बाजारात नेहमीचे झाले. पण लंडनच्या गिऱ्हाइकाला रानटी गुराचे चिवट मांस नको होते. त्याला मऊ, चरबीदार मांस हवे. त्यासाठी इंग्लंडहून शॉर्टहॉर्न आणि हेरफर्ड वळू आले. त्या वळूंची संतती माळावरच्या गवतावर पुरेशी लठ्ठ होईना, म्हणून गवतच बदलले.

ते कसे बदलले, हा तपशील मला या साऱ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो. इटलीहून आलेल्या गरीब कुळाला जमीनदार काही थोड्या वर्षांसाठी जमीन देई. कुळाने माळ फोडायचा, नांगरायचा, गहू काढायचा आणि मुदत संपली की जमिनीत लसूणघास पेरून निघून जायचे. पुढचा माळ, पुन्हा तेच. जगात गव्हाचे कोठार म्हणून अर्जेंटिनाचे नाव झाले, पण मालकाच्या लेखी गहू हा नांगरटीची मजुरी वसूल करण्याचा मार्ग होता. त्याला हवा होता तो घास. त्याआधी १८७९ साली जनरल रोका याच्या मोहिमेने दक्षिणेकडचा मूळ रहिवाशांचा मुलूख मोकळा करून घेतला होता. त्या मोहिमेचे नाव 'वाळवंटाचा विजय'. जिथे माणसे राहत होती आणि गवत कमरेइतके वाढत होते, त्याला वाळवंट म्हटले की काम सोपे होते.

उत्तर अमेरिकेतही हेच घडत होते, जास्त वेगाने. १८६५च्याच नाताळात शिकागोचा अवाढव्य गुरेबाजार उघडला. पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशातले बायसन पुढच्या १५-२० वर्षांत संपले आणि तिथे गुरे आली. बाजारामागच्या नाल्यात इतके अवशेष टाकले गेले की तळाशी कुजणाऱ्या थरातून बुडबुडे येत राहिले. लोकांनी त्याचे नावच 'बबली क्रीक' ठेवले. गुरेबाजार १९७१ मध्ये बंद झाला. बुडबुडे अजून येतात.

*

१९६४च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या अॅबर्डीन शहरात विषमज्वराची साथ आली आणि पाचशेहून अधिक लोक आजारी पडले. माग काढत तपासनीस एका दुकानातल्या खारवलेल्या गोमांसाच्या डब्यापर्यंत पोचले. तो डबा अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहराजवळचा होता. तापलेला डबा थंड करायला कारखाना पाराना नदीचे पाणी तसेच वापरत होता, त्याच नदीत शहराचे मैलापाणी जात होते, आणि डब्याच्या बारीकशा फटीतून ते पाणी आत गेले होते. नदीत सोडलेली घाण परत कुणाच्या ताटात येईल याचा नेम नसतो. या वेळी ती समुद्र ओलांडून गेली.

रोसारिओ हे नाव लक्षात असू द्यावे. आपल्याला तिथे परत यायचे आहे, आणि त्याची वाट पेरूच्या समुद्रातून जाते.

पेरूच्या किनाऱ्यावर अँचोव्ही नावाचा छोटा मासा प्रचंड संख्येने असतो. आपल्या मांदेलीच्या कुळातला. लीबिगच्या काळात हा मासा समुद्रपक्षी खात आणि पक्ष्यांची विष्ठा, म्हणजे ग्वानो, जहाजे भरभरून युरोपच्या शेतांत जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर मधला पक्षी गाळला गेला. मासाच पकडून, वाळवून, दळून त्याची भुकटी अमेरिका-युरोपातल्या कोंबड्यांना आणि डुकरांना घालू लागले. १९७०च्या सुमारास पेरूची वार्षिक पकड १ कोटी २० लाख टनांच्या घरात होती. १९७२ मध्ये एल निनो आला, आधीच अती उपसलेला हा साठा कोसळला आणि जगभरच्या खुराड्यांत प्रथिनांचा तुटवडा पडला. सगळे सोयाबीनकडे धावले. भाव भडकले. जून १९७३ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी, रिचर्ड निक्सन यांनी, सोयाबीनची निर्यात काही काळ थांबवली. जपान आणि युरोप हादरले आणि दुसरा पुरवठादार शोधू लागले. ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या माळावर सोयाबीन पसरण्यामागे हे एक मोठे कारण आहे. एका माशाचा दुष्काळ दुसऱ्या किनाऱ्यावरच्या गवताला भोवला.

१९९६ साली तणनाशक सहन करणारे जनुकबदल सोयाबीन अर्जेंटिनात आले आणि त्यानंतर त्याला धरबंध राहिला नाही. ऐन भरात ते सुमारे २ कोटी हेक्टरांवर होते. महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या जवळपास दोन-तृतीयांश. गुरे माळावरून उठली. काही उत्तरेकडच्या चाको जंगलात गेली आणि तिथे झाडे पडू लागली. काही कोंडवाड्यांत गेली आणि दाणे खाऊ लागली. ज्या देशाने जगाला गवतावरचे गूर दाखवले, त्याचीच ही गत. पाराना नदीच्या काठाने रोसारिओच्या आसपास सोयाबीन गाळणाऱ्या कारखान्यांची आणि धक्क्यांची रांग उभी राहिली. सोयाबीनच्या पेंडीच्या आणि तेलाच्या निर्यातीत आज अर्जेंटिना जगात पहिला आहे.

पेंडीचा मोठा वाटा युरोपात जातो. तिथली कोंबडी आणि डुकरे ती खातात आणि त्यातले बरेचसे नत्र-स्फुरद त्यांच्या विष्ठेतून तिथेच राहते. सोयाबीनला नत्र बरेचसे हवेतून मिळते, पण स्फुरद हवेत नसते. टनामागे पाच-सहा किलो स्फुरद दाण्याबरोबर अर्जेंटिनाच्या मातीतून निघून जाते, आणि टाकलेल्या खतातून ती तूट पुरती भरून निघत नाही. दुसऱ्या टोकाला नेमके उलटे दुखणे. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाचे थर साचतात. २००९ साली ते कुजून निघालेल्या वायूने एक घोडा जागच्या जागी मेला. नेदरलँड्समध्ये २०१९ साली न्यायालयाच्या निकालाने नत्राच्या प्रदूषणाचा प्रश्न असा ऐरणीवर आणला की बांधकामांचे परवाने अडकले आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगवर चालून गेले. शेण ज्या देशाला डोईजड झाले आहे आणि स्फुरद ज्या देशाच्या मातीतून चालले आहे, त्या दोघांमध्ये एक महासागर आहे. पेंड तो ओलांडते, शेण ओलांडत नाही. लीबिगने ज्याला लूट म्हटले होते ती हीच.

हवेचा हिशेब सर्वांच्या परिचयाचा आहे म्हणून थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली पशुपालनाचा हरितगृह वायूंतला वाटा १४.५ टक्के धरला होता, आणि त्यात सर्वांत मोठा भाग गायीगुरांचा. उरुग्वेत माणसे सुमारे ३५ लाख आणि गुरे १ कोटी २० लाखांच्या आसपास. त्या देशाच्या उत्सर्जनाचा निम्म्याच्या जवळपास भाग या गुरांच्या ढेकरांतल्या मिथेनचा आहे. किलोमागचे आकडे पाहिले तर कोंबडी कितीतरी हलकी ठरते. पण उरुग्वेतले ते गूर अजून बरेचसे नैसर्गिक कुरणावर चरते. ते तिथून हलले तर त्या जागी जंगल येत नाही; नांगर येतो, नाहीतर निलगिरी येते. मिथेनचा तक्ता एक सांगतो आणि गवताचा तक्ता दुसरे. दोन्ही खरे आहेत, आणि कोंबडी खा, बैल सोडा, असा सल्ला देणारे एकच तक्ता उघडून बसलेले असतात.

*

या गोष्टीचे एक टोक विदर्भ-मराठवाड्यात आहे. सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो. दाणा गाळला की वजनाने साधारण १८ टक्के तेल निघते आणि ८० टक्क्यांच्या आसपास पेंड. भाव बऱ्याच अंशी पेंडीवर ठरतो, आणि पेंड जाते मुख्यतः कोंबडीखाद्यात. लातूर-वाशीमच्या शेतकऱ्याने कधी कोंबडीला हात लावला नसेल, तरी त्याचे पीक त्या धंद्याचा कच्चा माल आहे. ज्या जमिनीवर हे पीक आले, तिच्या मोठ्या भागावर पूर्वी ज्वारी होती. ज्वारीबरोबर कडबा होता, कडब्यावर बैल होते, बैलांमागे शेणखत होते. सोयाबीनचे कुटार निघते, पण कडब्याची सर त्याला नाही. शेणखताची जागा गोणीने घेतली, आणि गोणीतल्या स्फुरदासाठी लागणारा खनिज फॉस्फेट भारताला बहुतांशी परदेशातून आणावा लागतो. पेरणीच्या तोंडावर डीएपीसाठी कृषी सेवा केंद्रापुढे लागणाऱ्या रांगेचा हा इतिहास आहे.

२०२१च्या पावसाळ्यात सोयाबीनने बाजार समित्यांत क्विंटलला दहा हजारांच्या आसपास मजल मारली. कित्येक वर्षांत न दिसलेला भाव. कोंबडीखाद्य महागले, कुक्कुटपालकांनी दिल्लीकडे धाव घेतली आणि ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. जनुकबदल सोयाबीन भारतात पेरायला मनाई. पण त्याची पेंड चालेल. नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास उतरले होते. कोंबडी पाळणारेही आपलेच शेतकरी आहेत आणि त्यांची अडचण खोटी नव्हती. पण त्या महिन्यात वाशीमच्या शेतकऱ्याला कळले की त्याची बरोबरी रोसारिओच्या धक्क्याशी आहे.

रोसारिओहून आपल्याकडे एरवी पेंड येत नाही, तेल येते. भारत जेवढे खाद्यतेल खातो त्यातले निम्म्याहून अधिक बाहेरचे असते. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाचे, आणि सोयातेल वर्षाला ३० लाख टनांहून जास्त, त्यात सर्वांत मोठा वाटा अर्जेंटिनाचा. पारानाच्या काठी दाणा गाळला जातो, पेंड युरोपच्या डुकरांकडे जाते आणि तेल भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरते.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने तेल म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. त्यात नत्र नाही, शुद्ध केलेल्या तेलात स्फुरदही जवळजवळ नाही. लीबिगच्या खतावणीत तेलाच्या नावावर मातीचे काहीच खर्ची पडत नाही. सगळे पेंडीच्या नावे जाते. त्या हिशेबाने आपल्या दिवाळीतली कढई स्वच्छ आहे. पण पेंडीला गिऱ्हाईक नसते तर तो माळ सोयाबीनखाली गेला नसता, आणि ते तेल या भावात इथवर आले नसते. डुक्कर खाणारा युरोपीय आणि चकली खाणारा शाकाहारी मराठी माणूस एकाच दाण्याचे दोन भागीदार आहेत. आपल्या वाट्याला आलेला भाग निर्वेध दिसतो, एवढेच.

परवा घरातल्या तेलाच्या पिशवीवर मी शोधून पाहिले. अ आणि ड जीवनसत्त्वे किती घातली आहेत ते छापले होते. दाणा कुठल्या देशातला, ते कुठेच नव्हते.